बाळ परदेशात, पासपोर्ट भारतीय: कागदांचा क्रम आणि खाचखळगे

आई भारतीय, बाबा भारतीय, दोघांकडे भारतीय पासपोर्ट. म्हणजे बाळ आपोआप भारतीय, आता पासपोर्टचं पुस्तक तेवढं काढून आणायचं. परदेशात राहणाऱ्या बहुतेक जोडप्यांची अशीच समजूत असते. माझीही होती. कायदा मात्र ३ डिसेंबर २००४ पासून वेगळं सांगतो. त्या तारखेपासून भारताबाहेर जन्मलेलं मूल भारतीय नागरिक ठरतं ते त्याच्या जन्माची नोंद भारतीय वकिलातीत किंवा कॉन्सुलेटमध्ये झाली तरच. या नोंदीसाठी जन्मापासून एक वर्ष मिळतं. पासपोर्ट हा त्यानंतरचा कागद.

म्हणून पासपोर्टचा अर्ज उघडण्याआधी ही साखळी डोक्यात पक्की करा: हॉस्पिटलची सूचना, तिथल्या सरकारचा जन्मदाखला, भारतीय वकिलातीतली जन्मनोंद, भारतीय पासपोर्ट आणि मग त्या पासपोर्टवर राहत्या देशाचा व्हिसा किंवा रहिवासी परवाना. प्रत्येक कडी आधीच्या कडीवर अडकवलेली आहे. पहिल्या कागदावर एक अक्षर चुकलं, तर ते शेवटच्या कागदापर्यंत तुमची सोबत करतं.

आधी ठरवा: बाळ कोणत्या देशाचं?

नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ४ मध्ये हा सगळा विषय आहे. १० डिसेंबर १९९२ पासून आई किंवा बाबा यांच्यापैकी एक जण बाळाच्या जन्मादिवशी भारतीय नागरिक असला तरी पुरतं. त्याआधीची बेचाळीस वर्षं फक्त वडिलांचं नागरिकत्व मोजलं जायचं, आईचं नाही! मुद्दा जन्मादिवशीच्या स्थितीचा आहे. दोघांपैकी एकाने मधल्या काळात दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल तरी दुसऱ्याच्या भारतीय पासपोर्टवर काम होतं.

आता उलट बाजू. तुम्ही राहता तो देश बाळाला काही देतो का? आखाती देशांत हा प्रश्नच उद्भवत नाही. परदेशी आईवडिलांचं मूल तिथे जन्मलं म्हणून तिथलं नागरिक होत नाही. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पासून, आईवडिलांपैकी एक ब्रिटिश असेल किंवा त्याला तिथे कायम राहण्याचा हक्क असेल तरच बाळ जन्मतः ब्रिटिश ठरतं. ऑस्ट्रेलियात जवळपास असाच नियम २० ऑगस्ट १९८६ पासून आहे. जर्मनीत २७ जून २०२४ पासून एका पालकाचं पाच वर्षांचं कायदेशीर वास्तव्य आणि कायमचा परवाना बघतात. कॅनडात जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक मूल कॅनेडियन असतं. अमेरिकेत हा हक्क १८६८ सालच्या चौदाव्या घटनादुरुस्तीतून आलेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये तात्पुरत्या व्हिसावरच्या आईवडिलांच्या मुलांना तो नाकारणारा अध्यक्षीय आदेश निघाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. तिथे प्रसूती व्हायची असेल तर त्या वेळची स्थिती तपासून घ्या.

बाळाला तिथलं नागरिकत्व मिळत नसेल तर ठरवायला काही उरत नाही. भारतीय पासपोर्ट हाच रस्ता, आणि पुढचा सगळा लेख तुमच्यासाठी आहे.

मिळत असेल तर मात्र दोघांनी शांतपणे बसून बोलायला हवं. दोन्ही पासपोर्ट घेऊन ठेवू, पुढचं पुढे बघू, असं भारतीय कायद्यात चालत नाही. वकिलातीत जन्मनोंद करताना बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आईवडिलांना लेखी जाहीर करावं लागतं. कायद्याच्या नजरेत मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेपर्यंत दोन देशांचं नागरिक असू शकतं. पण सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत दुसरं नागरिकत्व सोडलं नाही, तर भारतीय नागरिकत्व जातं. त्यात अमेरिकेचा कायदा आपल्या नागरिकाला देशात येताना-जाताना अमेरिकन पासपोर्ट वापरायला सांगतो. म्हणजे अमेरिकन नागरिक असलेल्या बाळाला भारतीय पासपोर्टवर फिरवणं कागदावर शक्य दिसलं तरी विमानतळावर गोत्यात आणणारं आहे. अशी कुटुंबं बहुधा तिथला पासपोर्ट काढतात आणि भारतासाठी ओसीआय कार्ड (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकाला भारतात येण्या-राहण्यासाठी मिळणारं कार्ड) किंवा व्हिसा घेतात. आईवडिलांपैकी एक जण जरी भारतीय असला तरी अज्ञान मुलाला ओसीआय मागता येतं. ओसीआयवाल्याला मतदान करता येत नाही आणि भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली मात्र ठेवता येते. गावाकडे जमीन असलेल्या घरांत आजोबांचा पहिला प्रश्न हाच असतो, म्हणून आधीच सांगितलं.

पोट दिसायला लागलं की काढायच्या फायली

बाळाच्या पासपोर्टमध्ये अडचण येते ती बहुतेक वेळा आईवडिलांच्या कागदांमुळे. सातव्या महिन्याच्या आत या गोष्टी तपासा.

दोघांच्या पासपोर्टची मुदत किती उरली आहे? ती संपत आली असेल तर आधी स्वतःचे पासपोर्ट नवे करून घ्या. बाळाच्या अर्जात तुमचे पासपोर्ट क्रमांक जातात, आणि मध्येच ते बदलले की सगळा गोंधळ होतो. एकमेकांच्या पासपोर्टवर जोडीदाराचं नाव आहे का तेही बघा. ते नसेल तर विवाह नोंदणीचा दाखला हमखास मागितला जातो. तो मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागतं. लग्न झालं पण नोंदणी राहूनच गेली, अशी जोडपी मला अजूनही भेटतात. त्यांनी भारतात कुणाला तरी आजच कामाला लावावं. पत्रिका आणि अल्बम कुठल्याच खिडकीवर चालत नाहीत.

राहत्या पत्त्याचा पुरावा, म्हणजे भाडेकरार किंवा वीजबिल, शक्यतो दोघांच्याही नावावर असू द्या. आणि दोघांचे रहिवासी परवाने प्रसूतीच्या आसपास संपत नाहीत ना, तेही पाहून ठेवा.

नाव: बारशाची वाट बघायला वेळ असतोच असं नाही

आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं होतं, आत्या कानात नाव सांगते आणि तोवर बाळ नुसतं 'बाळ' असतं. परदेशातल्या निबंधकाला, म्हणजे जन्मनोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, हे कौतुक नसतं. जपानमध्ये जन्माची सूचना १४ दिवसांत द्यावी लागते, स्कॉटलंडमध्ये २१ दिवसांत, इंग्लंडमध्ये ४२ दिवसांत. काही ठिकाणी तर हॉस्पिटलमधून घरी सोडण्याआधीच नावाचा फॉर्म हातात पडतो. बारसं हवं तेव्हा करा, पण कागदावरचं नाव मुलगा झाला तर हे, मुलगी झाली तर ते, असं रोमन लिपीतल्या स्पेलिंगसकट आधीच लिहून ठेवा.

स्पेलिंगचं मी मुद्दाम म्हणतोय. ईरा हे नाव 'आय'ने सुरू करायचं की दोन 'ई'नी, यावर प्रसूतीच्या दुसऱ्या दिवशी, चार तासांच्या झोपेवर वाद घालण्यात अर्थ नाही. एकदा जन्मदाखल्यावर आलं की तेच स्पेलिंग वकिलात उचलते, तेच पासपोर्टवर येतं आणि तेच शाळेत जातं.

मराठी नावाचा साचाही इथे अडतो. आपण बाळाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. भारतीय पासपोर्टमध्ये मधल्या नावाचा वेगळा रकाना नसतो. एक रकाना दिलेल्या नावाचा आणि दुसरा आडनावाचा. 'ईरा समीर जोशी' लिहायचं असेल तर 'ईरा समीर' हे दोन्ही शब्द पहिल्या रकान्यात जातात. मग विमानाच्या तिकिटावरही 'ईरा समीर' हेच पहिलं नाव होतं आणि परदेशातल्या शिक्षिका तिला पुढची काही वर्षं 'ईरासमीर' म्हणतात. हे चालणार असेल तर वडिलांचं नाव घाला, नसेल तर परदेशी दाखल्यावर फक्त नाव आणि आडनाव ठेवा. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या राज्याच्या सरकारी कागदांवर बाळ, आई, वडील, आडनाव असा क्रम सक्तीचा केला आहे. परदेशी जन्मदाखल्याला तो लागू नाही. पण ज्यांना आईचं नावही हवं आहे त्यांनी ते जन्मदाखल्यापासूनच घालावं. फक्त पासपोर्टवर ते नव्याने येणार नाही.

एक गोष्ट मात्र टाळाच: आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एकच शब्द असलेल्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसाचा प्रवास बंद केला. हा नियम बाळासाठी केलेला नसला तरी बाळाची वाट अडवायला पुरेसा आहे.

तिथला जन्मदाखला

हॉस्पिटल देतं तो कागद जन्माची सूचना असते, दाखला नव्हे. बाळाच्या पावलांचे ठसे असलेलं रंगीत प्रमाणपत्र मिळालं तर ते भिंतीवर लावा. वकिलातीला हवा असतो तो तिथल्या निबंधकाचा किंवा आरोग्य खात्याचा दाखला, आणि त्यावर आईवडील दोघांची नावं असायला हवीत. काही देशांत छोटा आणि मोठा असे दोन नमुने मिळतात आणि छोट्यात फक्त बाळाचं नाव असतं. नेहमी मोठा मागा आणि दोन-तीन अस्सल प्रती घ्या.

दाखला इंग्रजीत नसेल तर दोन वाटा आहेत. जर्मनी, नेदरलँड्ससारख्या देशांत बहुभाषी नमुना मिळतो, त्यात इंग्रजी असतं आणि भाषांतराचा खर्च वाचतो. नाहीतर अधिकृत भाषांतरकाराकडून इंग्रजी प्रत करून घ्यावी लागते. भाषांतरकाराला तुमच्या पासपोर्टची प्रत सोबत द्या. अरबी किंवा जपानीतून परत रोमन लिपीत येताना 'देशपांडे'चं काय होईल, सांगता येत नाही.

काही वकिलाती दाखल्यावर अपोस्टिल (कागद अस्सल असल्याचं, दुसऱ्या देशातही चालणारं सरकारी प्रमाणपत्र) किंवा तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का मागतात. अपोस्टिल १९६१ च्या हेग करारातून आलं आणि भारत त्यात २००५ पासून आहे. पण तुमचा देशही त्या करारात असेल तरच अपोस्टिल मिळतं. अमिरातीसारखा देश करारात नाही, तिथे परराष्ट्र खात्याचं साक्षांकन लागतं. तुमच्या वकिलातीच्या यादीत हे लिहिलेलं असेल तरच करा, हौसेने करू नका.

आणि दाखला हातात आला की त्याच खिडकीसमोर उभं राहून तो अक्षर न् अक्षर वाचा. लेकीच्या वेळी हॉस्पिटलच्या फॉर्मवर मी बायकोचं लग्नानंतरचं नाव लिहून मोकळा झालो, कारण घरी सगळे तेच वापरतात. तिच्या पासपोर्टवर मात्र माहेरचं नाव होतं. दाखला छापून आला, वकिलातीच्या खिडकीवर तो आणि पासपोर्ट शेजारी ठेवले गेले आणि आम्हाला परत पाठवलं. चूक शंभर टक्के माझी होती. दुरुस्त दाखला यायला महिना गेला. फॉर्मवर आईचं आणि वडिलांचं नाव त्यांच्या पासपोर्टवर आज जसं आहे तसंच लिहा, हा धडा मी नंतर भेटेल त्याला देत आलो आहे.

वकिलातीतली जन्मनोंद

हा या सगळ्यातला खरा कागद. नागरिकत्व नियम, २००९ मधला पहिला नमुना यासाठी आहे. तो गृह मंत्रालयाच्या नागरिकत्वाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, छापायचा आणि दोघांनी सही करून वकिलातीत किंवा तिच्या सेवा केंद्रात द्यायचा. सोबत तिथला जन्मदाखला, दोघांचे पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, विवाहाचा दाखला आणि बाळाकडे दुसरा पासपोर्ट नसल्याचं ते जाहीरपत्र. मूळ कागद आणि स्वतः सही केलेल्या प्रती असे दोन वेगळे गठ्ठे करा. नोंद झाली की वकिलात स्वतःचा जन्मदाखला देते.

बऱ्याच वकिलाती ही नोंद आणि पासपोर्टचा अर्ज एकाच भेटीत घेतात. काही आधी नोंद, मग पासपोर्ट असा क्रम पाळतात. बाळाला सोबत न्यायचं का, दोघंही हजर हवेत का, हेही जागोजागी वेगळं असतं. एका शहरातल्या मित्राचा अनुभव दुसऱ्या शहरात चालत नाही. तुमच्या विभागाच्या कॉन्सुलेटची यादी छापून घ्या आणि तिच्यावर टिक करत जा.

पासपोर्टचा अर्ज

पासपोर्ट सेवेच्या परदेशी वकिलातींसाठीच्या पोर्टलवर बाळाच्या नावाने 'नवा पासपोर्ट' निवडा. खातं आईच्या किंवा वडिलांच्या ईमेलवर उघडलं तरी अर्जदार बाळच. ईसीआरचा, म्हणजे काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते का याचा, प्रश्न येतो तिथे गोंधळू नका. अठरा वर्षांखालची मुलं नॉन-ईसीआरमध्ये, म्हणजे ती परवानगी न लागणाऱ्यांत, येतात.

यासोबत अ‍ॅनेक्शर डी लागतं, म्हणजे आईवडील दोघांची संमती. बाबा दुसऱ्या देशात किंवा जहाजावर असतील तर त्यांची सही कुणासमोर व्हायला हवी ते आधी विचारा. बहुधा जवळची भारतीय वकिलात किंवा नोटरी चालतो. संमती मिळणं शक्यच नसेल, म्हणजे एकटी आई किंवा विभक्त जोडपं असेल, तर अ‍ॅनेक्शर सी आहे. डिसेंबर २०१६ पासून अर्जात एकाच पालकाचं नाव देता येतं, त्यामुळे एकट्या आईने खिडकीवर कुणाला आयुष्याची कहाणी ऐकवायची गरज नाही.

राहिला फोटो. वाचायला सोपा आणि काढायला सर्वांत अवघड. पांढरी पार्श्वभूमी, चेहरा समोर, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, सावली नाही आणि फ्रेममध्ये आईचा हात नाही. आठवड्याभराच्या बाळाकडून हे एका वेळी मिळवायचं आहे! पलंगावर इस्त्री केलेली पांढरी चादर अंथरा, बाळाला उताणं ठेवा आणि खिडकीचा उजेड दोन्ही गालांवर सारखा पडेल असं बघा. वरून सरळ फोटो काढा, फ्लॅश नको. दूध पिऊन ढेकर काढल्यानंतरची पाच मिनिटं सोन्याची असतात. त्या दिवशी काजळ आणि तीट लावू नका. आजीला आधी कल्पना द्या, कारण तुम्ही कॅमेरा आणायला वळलात की गालावर काळा ठिपका आलेला असतो. चाळीस फोटो काढा, एक लागतो. आकार आणि पिक्सेलची अट त्या-त्या वेळची पोर्टलवर बघा. जुनी छापील मापं बदलत आली आहेत.

सहीच्या चौकटीत बाळाचा अंगठा येतो. कोणत्या हाताचा, ते अर्जावर लिहिलेलं असतं. बाळ गाढ झोपलेलं असताना मूठ सैल असते, तेव्हाच उरकून घ्या. शाई अगदी थोडी लावा, अंगठा फिरवू नका, फक्त टेकवा. ठसा चौकटीबाहेर गेला तर पान बाद होतं, म्हणून त्या पानाच्या चार-पाच प्रती छापून ठेवा आणि ओल्या कापडाने बोट लगेच पुसा. नाहीतर ते तोंडात जातं.

व्हिसा, घाई आणि उशीर

पासपोर्ट हाती आला की तोच धावत पुढच्या खिडकीवर न्यायचा असतो. अमिरातीत बाळाचा रहिवासी व्हिसा जन्मापासून १२० दिवसांत काढायचा असतो. जपानमध्ये साठ दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर निवासाच्या दर्जासाठी अर्ज तीस दिवसांत करावा लागतो, म्हणजे बहुधा पासपोर्ट यायच्या आधीच. तिथे बाळाचा पासपोर्ट अजून नाही, अर्ज केला आहे, असं सांगण्याची सोय असते. तुमच्या देशातली ही मुदत जन्माच्या तारखेपासून मोजा आणि पासपोर्टचा सगळा क्रम तिच्यावरून उलटा आखा.

पासपोर्ट हातात येईपर्यंत बाळाचं तिकीट काढू नका. घरी कुणी आजारी आहे आणि निघायलाच हवं, अशी वेळ आली तर वकिलात इमर्जन्सी सर्टिफिकेट देऊ शकते. पण ते भारतात जाण्यापुरतं, एकमार्गी असतं. परत यायला पासपोर्टही लागतो आणि व्हिसाही, आणि ते सगळं भारतात बसून करावं लागतं. खरंच दुसरा मार्ग नसेल तरच ते घ्या.

वर्ष उलटून गेलं असेल तर वकिलात स्वतःच्या अधिकारात नोंद करू शकत नाही, केंद्र सरकारची परवानगी लागते. उशीर का झाला ते लिहून द्यावं लागतं आणि मग वाट बघत बसायचं. इथे एक फसवी पळवाट आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम २० प्रमाणे परदेशात जन्मलेलं मूल घेऊन कायमचं राहायला भारतात परतलेल्या आईवडिलांना, मूल भारतात आल्यापासून साठ दिवसांत इथल्या निबंधकाकडे जन्म नोंदवता येतो. तो दाखला मिळाला की काम झालं, असं कुणी सांगेल. ती नोंद जन्माची आहे. नागरिकत्व कायद्यातल्या कलम ४ ची वकिलातीतली नोंद वेगळी, आणि एकीने दुसरीची भरपाई होत नाही.

हातात आल्यावर

पाकीट उघडल्या उघडल्या नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि लिंग हे सगळं जन्मदाखल्याशी ताडून बघा. चूक दिसली तर त्याच आठवड्यात कळवा. वकिलातीचा जन्मदाखला पासपोर्टपेक्षाही जपून ठेवा. पासपोर्ट बदलत राहील, तो दाखला तोच राहणार.

सुट्टीत भारतात गेलात तर आधार काढता येतं. अनिवासी भारतीयांच्या मुलासाठी ओळखीचा पुरावा म्हणून त्याचा स्वतःचा भारतीय पासपोर्टच लागतो, आणि पाच वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत.

हा पहिला पासपोर्ट पाच वर्षं चालतो. कॅलेंडरवर चौथ्या वाढदिवसानंतरची आठवण टाकून ठेवा, कारण बरेच देश प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. पुढच्या अर्जात सहीच्या चौकटीत अंगठा टेकवायचा की वाकडीतिकडी अक्षरं काढायची, हे तेव्हा पासपोर्टचा मालक स्वतःच सांगेल.